बुजवलेला चर

११ ऑक्टोबर

पाणी नऊ गाठींवर.

ही वही मातीबाईंनी दिली. त्या माती तपासणीच्या कार्यालयातून येतात. त्यांचं खरं नाव त्यांनी सांगितलं होतं, पण घरात सगळे मातीबाईच म्हणतात, आणि ते त्यांना ठाऊक आहे. खालच्या शेतात मधोमध त्यांनी भोकं पाडलेला एक पाईप उभा पुरलाय. रोज सकाळी त्यात दोरी सोडायची. दोरीच्या टोकाला जुना लोखंडी नट बांधलाय. तो पाण्याला टेकला की डुब् असा आवाज येतो. मग दोरीच्या गाठी मोजायच्या. पाणी पंधरा गाठींच्या खाली असलं तर पिकाला भीती नाही. त्याच्या वर आलं की माती ते पाणी दिव्याच्या वातीसारखी ओढून घेते. पाणी उन्हाने उडतं, त्यातलं मीठ वर राहतं.

आकडा तेवढा लिहा म्हणाल्या. पण आकडा इवलासा आणि पान एवढं मोठं. मी चौथीपर्यंत शिकले, पुढचं सगळं वाचून वाचून. पुड्या बांधून आलेले कागदसुद्धा मी सरळ करून वाचते. लिहायची वेळ कधी आली नव्हती.

माझा नवरा जाऊन तीन वर्षं झाली. नवरा हा शब्द लिहिताना परका वाटतो, तोंडाने कधी म्हटला नाही. यापुढे ‘हे’ असंच लिहीन. वाचणारी मीच आहे.

१२ ऑक्टोबर

पाणी नऊ गाठींवर.

आमची शेतं दोन. वरचं घरापुरतं पिकतं. खरं शेत खालचं. यंदा त्याच्या तिसऱ्या हिश्शात बी उगवलंच नाही. जिथं उगवलं तिथं रोप वीतभर वाढून निळसर झालं आणि थांबलं. सकाळी उन्हाआधी गेलं तर पीठ चाळताना सांडल्यासारखी जमीन दिसते. बोट लावून चाखलं. मीठच.

लेकीचा फोन आला. तीन वर्षं तिचं एकच, आई, तू इकडे ये. तिचं घर मी पाहिलंय. खिडकी उघडली की समोरच्या इमारतीची खिडकी. समोरची बाई आपल्याकडे बघते, आपण तिच्याकडे बघतो, आणि दोघी पडदा ओढतो. खालचं शेत गेलं तर तिथंच जाऊन बसायचं आहे. नुसत्या वरच्या शेतावर माझं भागणार नाही. लेकीला म्हटलं, या हंगामाचं बघू दे.

१५ ऑक्टोबर

पाणी नऊ गाठींवर. मातीबाई येऊन गेल्या.

त्यांनी विचारलं, “तुमचे मालक पाणी किती द्यायचे?” मी म्हटलं, पाण्याच्या बाबतीत त्यांचा हात कायम सैल. कालव्याची पाळी आली की बांधापर्यंत शेत भरायचे. शेजाऱ्याला नको असलेली पाळीही मागून घ्यायचे. अर्धपोटी ठेवून कोणाची वाढ झालीय का, असं म्हणायचे. शेवटच्या दोन वर्षांत ही पांढरी जागा पहिल्यांदा दिसली, तेव्हा तिला तहान लागलीय म्हणाले आणि आणखी पाणी सोडलं. दोन दिवसांत पांढरं गेलं. परत आलं, परत सोडलं. दुखण्यातसुद्धा जायचे.

मातीबाई भराभर लिहीत होत्या. माणसाबद्दल चांगलं सांगितलं की ते कोणी लिहून घेतं याचं बरं वाटलं.

३० ऑक्टोबर

पाणी नऊ गाठींवर.

मातीबाईंनी दिलेली पुस्तिका चारदा वाचली. एक वाक्य मनात भरलं. भरपूर गोडं पाणी देऊन क्षार धुऊन काढावेत. म्हणजे हे करत होते तेच! छापलेलं आहे. वाक्याच्या आधी ‘निचऱ्याची सोय केल्यानंतर’ असे तीन शब्द आहेत. पण आपल्या शेताला उतार आहे, पाणी जाईल आपल्या वाटेनं. माझी पाळी परवाची आहे. धाकटीला तिची नको आहे. ती पण घेते.

धाकटी म्हणजे माझी जाऊ. भाऊजींचं शेत आमच्या खालच्या शेताला लागून आहे, मध्ये लिंबांची रांग. मी पाळी मागायला गेले तर म्हणाली, “घ्या ताई. आमच्याकडे काय, पाणी नि भांडण दोन्ही न मागता मिळतं.” भाऊजी ओट्यावर दोर वळत बसले होते. “वहिनी,” म्हणाले, “एकच पाळी घ्या.” का, म्हटलं. तर दोराला आणखी एक पीळ दिला. “मातीबाईंना विचारा आधी.” मी पुस्तिका दाखवली. त्यांचा हात सहीपुरता, वाचता येत नाही. मीच वाचून दाखवलं. ते तीन शब्द गाळून वाचलं, हे इथं लिहून ठेवते.

२ नोव्हेंबर

दोन्ही पाळ्या दिल्या. शेत आरशासारखं भरलं. कित्येक दिवसांनी बांधावर उभं राहून छान वाटलं. यांना वाटायचं तसं.

४ नोव्हेंबर

पाणी तसंच उभं आहे. पाईपमध्ये नट सोडला तर दोन गाठी. आधी वाटलं मोजण्यात चूक झाली. तीनदा मोजलं.

१० नोव्हेंबर

पाणी तीन गाठींवर. उतार आहे असं मी म्हणत होते, पण पाणी उताराने लिंबांपर्यंत जातं आणि तिथं थांबतं, दारात पाहुणा खोळंबावा तसं.

२३ नोव्हेंबर

पाणी चार गाठींवर.

शेत वरून सुकलं. सगळं पांढरं. आधी तिसरा हिस्सा होता, आता कुठून कुठपर्यंत ते सांगायची गरज नाही. दुखणं हत्तीच्या पायाने येतं आणि मुंगीच्या पायाने जातं म्हणतात. हे मुंगीच्या पायाने येत होतं, मी त्याला हत्ती दिला.

लिंबांची पानं कडेने जळाल्यासारखी झालीत. कीड असेल. राख टाकली.

धाकटी बांधावर आली. शेताच्या टोकापर्यंत नजर फिरवली. मग म्हणाली, “चला ताई, चहा करते. मीठ नाही घालणार.” हसले. घरी येऊन रडले. दोन्ही खरं.

५ डिसेंबर

पाणी चार गाठींवर. आजचं सगळं लिहिते, कारण डोकं तापलंय.

मातीबाई आल्या. पाण्याचं सांगितलं तेव्हा रागावल्या नाहीत. नुसतं म्हणाल्या, “आजी, पाणी आत घातलं ते ठीक. बाहेर कुठून जाणार होतं?” मग शेताला चक्कर मारली, बरोबर मी, भाऊजी आणि धाकटी. लिंबांपाशी त्या वाकून बघायला लागल्या. सळई खुपसली. सगळ्या शेतात सळई चिखलात जाते, इथं दगडावर खडखडली.

“इथं आधी काय होतं?”

“चर होता,” भाऊजी म्हणाले. “दोन्ही शेतांचं पाणी घेऊन रस्त्याखालून पलीकडच्या ओढ्याला जायचा.”

“मग बुजवला कोणी?”

“मी,” भाऊजी म्हणाले.

मी त्यांच्या तोंडाकडे बघतच राहिले. एवढा धडधडीत खोटेपणा! दगड-मातीच्या गाड्या भरभरून यांनी चार दिवसांत चर बुजवला. तळहाताची सालं निघाली होती, मी तेल लावलं होतं. वर सात लिंबं लावली. सगळ्या आयुष्यात माझ्यासाठी त्यांनी केलेलं सगळ्यात मोठं काम ते. आणि भाऊजी खुशाल स्वतःच्या नावावर सांगतात! त्या वेळी एक टोपलं माती टाकली नव्हती. उलट अडवायला आले होते.

मी म्हटलं, “भाऊजी, मेलेल्या माणसाचं काम तरी त्याच्या नावावर राहू द्या.” आणि मातीबाईंना सगळं सांगितलं. लेक नऊ वर्षांची होती. फुलं तोडायला गेली आणि चरात पडली. काढली तेव्हा ओठ निळे. वाचली. त्याच दिवशी मी यांना सांगितलं, हा चर बुजवल्याशिवाय मी अन्नाला शिवणार नाही. दोन दिवस शिवले नाही. भाऊजी म्हणाले होते, दादा, वरून कुंपण घालू, बुजवू नको, खालचं पाणी जाईल कुठं? तेव्हा मीच त्यांना उत्तर दिलं होतं, पाण्याला आपली पोर प्यारी आहे का? “म्हणून यांनी बुजवला,” मी म्हटलं, “आणि माझ्या शब्दाखातर बुजवला. लिहा तुमच्या वहीत.”

मातीबाईंनी पेनाचं टोपण लावलं. धाकटी दुसरीकडे बघत पदराशी चाळा करत होती. भाऊजी म्हणाले, “वहिनी, घरी चला, ऊन लागेल.” डिसेंबरात ऊन!

एवढं खरं बोलले, तर सगळ्यांची तोंडं अशी का झाली कळेना.

६ डिसेंबर

मोजलं नाही.

८ डिसेंबर

पाणी पाच गाठींवर.

भाऊजी काम आपल्या नावावर घेत नव्हते.

१८ डिसेंबर

पाणी पाच गाठींवर.

दहा दिवस आकड्याशिवाय काही लिहिलं नाही. पुस्तिका कपाटात ठेवली, मग परत काढली. ते तीन शब्द आता कुठूनही उघडलं तरी दिसतात.

आज मातीबाई आल्या. कुठं काही झालंच नाही अशा बोलल्या. चर उघडायला हवा, दुसरा इलाज नाही. जमीन सुधारायचं जिप्सम नंतर, पाणी नंतर, आधी वाट. चर शेताच्या सगळ्यात खोल रेषेवरूनच जायला हवा, म्हणजे लिंबांच्या रांगेतून.

“बाजूने नाही का जमणार?” मी विचारलं.

“पाण्याला समजावता आलं तर जमेल.”

भाऊजी म्हणाले, “लिंबं राहू द्यात. माझ्या बाजूने चर खणा. माझी चार हात जमीन गेली तरी चालेल.” मातीबाईंनी मान हलवली. त्यांच्या बाजूला जमीन वर आहे. धाकटी नवऱ्याकडे बघत म्हणाली, “बघा, जमीन द्यायला निघालेत. मी एक खोली वाढवा म्हटलं की कंबर धरतात.” पण तिच्या आवाजात टोमणा नव्हता.

मी तोडा म्हटलं. यांना विचारायला हवं असं अजूनही वाटतं. विचारलं असतं तर म्हणाले असते, तू म्हणशील तसं. तेच तर.

४ जानेवारी

खोदकामाचं मशीन आलं. मशीनवाला गमत्या माणूस. लिंबांकडे बघून म्हणाला, “आजी, सगळी गेलेलीच आहेत, मी नुसता निरोप द्यायला आलोय.” खरं आहे. मुळं बाहेर आली तेव्हा टोकं काळी, कुजलेली. कीड नव्हतीच.

झाडांखाली दगड निघाले. एकेक दगड मशीनच्या पंजात जड होता. असले दगड यांनी हाताने उचलून आणले होते. सहाव्या झाडाखाली टोपलं निघालं, लोखंडी, गंजून जाळी झालेलं. चौथ्या दिवशी हरवलं म्हणून मी बोलले होते त्यांना. मशीनवाल्याने बाजूला ठेवलं. मी उचललं नाही.

दुपारपर्यंत चर पाऊण झाला. दोन्ही बाजूंच्या मातीतून पाणी झिरपायला लागलं, आधी थेंब थेंब, मग धार. मातीबाईंनी हातातल्या यंत्रात ते पाणी घेतलं, आकडा बघितला आणि मला दाखवला. आकडा मला कळला नाही, पण त्या हसत होत्या. “मीठ निघायला लागलं आजी.” धाकटीने माझा हात धरला. अठरा वर्षांचं साचलेलं आमच्या डोळ्यांदेखत वाहत होतं. मी खोटं का लिहू, मला तेव्हा वाटलं, सुटलो.

मशीन रस्त्यापाशी पोचलं. तिथं रस्त्याखाली जुनी नळी असायला हवी होती. खणलं, उजवीकडे खणलं, डावीकडे खणलं. मग पंजा टणकन कशावर तरी आपटला. सिमेंट. रस्ता सात वर्षांपूर्वी रुंद केला, उंच केला. तेव्हा चर बुजलेलाच होता. करणाऱ्यांना वाटलं असेल, नळीला पाणी येतच नाही, मग नळी हवी कशाला? भरून टाकली.

मशीनवाल्याने इंजिन बंद केलं. “इथून पुढे माझं काम नाही,” म्हणाला. “रस्ता फोडला तर मलाच आत टाकतील.”

५ जानेवारी

पाणी पाच गाठींवर. चरात काठोकाठ पाणी, हलत नाही.

१६ जानेवारी

पाणी चार गाठींवर.

सकाळी भाऊजी आणि धाकटी बादल्या घेऊन चरातलं पाणी उपसत होते आणि रस्त्यापलीकडे नेऊन ओतत होते. कधीपासून करताय, विचारलं. “तिसरा दिवस,” धाकटी म्हणाली. “तुमच्या दिरांना कुठून बुद्धी झाली कोण जाणे. मी म्हटलं, चमच्याने का नाही?” मीही बादली घेतली. तिघांनी उन्हं वर येईपर्यंत उपसलं. चार बोटं पाणी उतरलं. दुपारी गेले तर परत काठाला.

भाऊजींच्या शेताच्या कडेला पहिल्यांदा पांढरं दिसलं. चर उघडा झाल्यावर आमचं खारं पाणी त्यांच्या बाजूलाही मुरतंय. मला दिसलं, त्यांना दिसलं, कोणी बोट दाखवलं नाही.

उपशाचा पंप लावावा का, मातीबाईंना फोनवर विचारलं. “पंप लावला तर पंपच चालवत बसाल,” त्या म्हणाल्या. “रस्त्याखालून वाट हवी. अर्ज करा. मी वरती बोलते.” वरती म्हणजे कुठं, मी विचारलं नाही. त्यांनाही ते ठाऊक नसावं.

२९ जानेवारी

पाणी चार गाठींवर.

उन्हाळी पेरणीचे दिवस. वरच्या शेतात पेरलं, ते दोन तासांत झालं. खालचं तसंच सोडलं. त्याच्या वाटणीचं बी धाकटीला दिलं. ती नको नको म्हणत होती. ठेवून काय करू म्हटलं. घेतलं, आणि तिथंच अंगणात पोत्यावर बसून राहिली.

लेकीने तिकडे माझ्यासाठी पलंग घेतलाय. विचारून घेतला नाही. रंग मात्र विचारत होती चादरीचा.

६ फेब्रुवारी

पाणी चार गाठींवर.

आज भाऊजींबरोबर रस्त्याच्या कार्यालयात गेले. लांब हॉल, टेबलांवर कागदांचे गठ्ठे, पंख्याच्या वाऱ्याने उडू नयेत म्हणून प्रत्येक गठ्ठ्यावर दगड. कारकून वयाने बरा पोक्त, चष्मा नाकावर उतरलेला. त्याने कोरा अर्ज दिला. घरात लिहिणारी मीच, म्हणून भरायला बसले. शेत कुठं, रस्ता कुठला, चराची लांबी. भाऊजी सांगत होते, मी लिहीत होते.

नवव्या रकान्यात होतं, निचऱ्याचा मार्ग कोणी, केव्हा व कोणत्या कारणाने बंद केला?

मी भाऊजींना वाचून दाखवलं. या वेळी एकही शब्द गाळला नाही. ते म्हणाले, “माझं नाव लिहा.”

“नाही.”

“वहिनी, त्याने काय फरक पडतो?”

मी लिहिलं, मी बुजवायला लावला. अठरा वर्षांपूर्वी. मुलगी पडली म्हणून. अक्षर चांगलं आलं. इतकं लिहून हात हलका झाला, आता नळी मिळो न मिळो असं क्षणभर वाटलं.

कारकुनाने अर्ज वाचला. नवव्या रकान्यावर थांबला. चष्मा वर केला.

“आजी, हे कशाला लिहिलंत?”

“खरं आहे म्हणून.”

“खरं असेल हो. पण ज्याने बुजवलं त्यानेच उघडायचं, असा नियम आहे. रस्त्याखालचंसुद्धा. हा अर्ज पुढच्या टेबलावर गेला की तिथूनच परत येईल, आणि दुसरा करता येत नाही.” आवाज खाली केला. “इथं सगळे ‘माहीत नाही’ लिहितात.”

“आणि तसं लिहिलं तर?”

“तर यादीत नाव लागेल. दोन वर्षं तरी जातील. पण लागेल.”

दोन वर्षं. शेताचं तोवर काय होईल ते तिघांनाही माहीत होतं, त्या कारकुनालासुद्धा. त्याच्याही घरी कुठं तरी जमीन असावी, तसा बघत होता. भाऊजी खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. मी तशीच बसले. मागची माणसं खोकायला लागली. मग म्हटलं, दुसरा कागद द्या.

पहिला अर्ज त्याने फाडला नाही. पाठकोरा होता, म्हणून कच्च्या कामाच्या गठ्ठ्यात घातला आणि वर दगड ठेवला.

मी पहिल्यापासून सगळं परत भरलं. शेत, रस्ता, लांबी. नवव्या रकान्यात लिहिलं, माहीत नाही. शेवटी छापलेलं होतं, वर दिलेली सर्व माहिती माझ्या समजुतीप्रमाणे खरी आहे.

त्याखाली सही केली.